उद्यमनगरातलं गॅरेज आणि सनरूफच्या चार नळ्या

सनरूफच्या, म्हणजे छतात उघडणारी काच असलेल्या गाडीत पाणी येत असेल आणि कोणी 'काचेच्या कडेनं सिलिकॉन मारून देतो' म्हणालं, तर किल्ली परत घ्या. कोल्हापुरात असाल तर सरळ शिवाजी उद्यमनगरात जा. तिथे एका फौंड्रीच्या शेजारच्या बोळात एक गॅरेज आहे. पाटीवर गॅरेजचं नाव नाही, 'वॉटर लीकेज, वायरिंग, एसी' एवढंच रंगवलंय. चालवणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणते. माझ्या गाडीचं गळणं तिथे थांबलं आणि पुढचा अख्खा पावसाळा गगनबावड्याच्या रस्त्यावर काढूनही गाडी आतून कोरडी राहिली. सनरूफ आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही येतं, त्यामुळे ही अडचण गल्लोगल्ली ऐकू येते. लोकांचे पैसे मात्र चुकीच्या जागी जाताहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अर्धांगवायूचे, कंबरेच्या आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे असे बरेच पेशंट घरी जाऊन बघते. कोल्हापूर शहर, कळे, साळवण आणि पुढे गगनबावडा तालुक्यातली गावं. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस त्याच पट्ट्यात पडतो. गाडीत टेन्सचं (दुखणं कमी करायला हलका विजेचा प्रवाह देणारं) मशीन, अल्ट्रासाउंडचं मशीन, पट्टे, उशा असा सगळा संसार असतो. माझ्यासाठी गाडीत पाणी येणं म्हणजे मशीन खराब होणं आणि दुसऱ्या दिवशीच्या पेशंटला 'आज येत नाही' म्हणून फोन करणं. गाडी साधी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, एका काचेच्या सनरूफची. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या बाबतीत सगळ्या कंपन्यांची रचना जवळपास सारखीच असते.

सुरुवात वासानं झाली. ओल्या गोणपाटासारखा वास. मग सकाळी गाडी सुरू केली की आतून काचांवर इतकी वाफ धरायची की दहा मिनिटं ब्लोअर लावल्याशिवाय पुढचं दिसायचं नाही. जूनमध्ये पाऊस लागल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला छताच्या लायनिंगवर पिवळसर डाग उमटला. ब्रेक दाबला की आरशाजवळच्या दिव्यातून चार थेंब मांडीवर पडायचे. पायाखालची फूटमॅट वरून कोरडी दिसायची, पण तळहात दाबला की कार्पेटमधून पाणी वर यायचं.

शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. त्यांनी पाइपानं वरून पाणी मारलं, पाणी आत येतं हे पाहिलं, काचेच्या चारी बाजूंनी काळं सिलिकॉन भरलं आणि दोन दिवस सनरूफ उघडू नका म्हणाले. पुढच्या मोठ्या पावसात पाणी पुन्हा आलं. मग सांगण्यात आलं, सनरूफची सगळी असेंब्लीच, म्हणजे काच-चौकटीसकट अख्खा संच, बदलावा लागेल, आणि आकडा पाऊण लाखाच्या घरात. त्याच आठवड्यात एका पेशंटच्या मुलानं मामांचा पत्ता दिला. तो स्वतः मालवाहू गाड्यांचं वायरिंग करतो, त्यामुळे त्याच्या शब्दावर मी विश्वास ठेवला.

मामांनी गाडीला हात लावायच्या आधी प्रश्न विचारले. मला ते फार आवडलं, कारण आमच्या कामातही आधी नीट विचारलं की अर्धं निदान तिथेच होतं. "ताई, गाडी हुबी असताना गळतंय का पळताना?" "लावता कुठं, चढाला का उताराला?" "एसी लावल्यावर येतंय का बिनएसीचं पण?" "छत वलं हाय का नुसती खालची मॅट?" माझी गाडी घरासमोर उतारावर, तोंड खाली करून उभी असते. हे ऐकल्यावर ते म्हणाले, "मग म्होरच्याच दोन असणार," आणि हाताखालच्या पोराला पाण्याची बाटली आणायला सांगितली.

हे 'म्होरचं' काय ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. सनरूफच्या काचेभोवती रबर असतं, पण पाण्याचा एकही थेंब आत जाऊ नये म्हणून ते बनवलेलंच नसतं. थोडं पाणी रबराच्या खाली उतरणार हे गाडी बनवणाऱ्यांनी धरलेलं असतं. त्यासाठी काचेच्या खाली चौकटीभर एक खोलगट ट्रे असतो, कौलारू घराच्या पन्हळीसारखा. त्यात जमलेलं पाणी कोपऱ्यांतल्या भोकांतून बारीक नळ्यांत जातं. बहुतेक गाड्यांत अशा नळ्या चार. पुढच्या दोन, पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात त्यांच्या आतून खाली उतरतात आणि पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ किंवा मडगार्डच्या आत बाहेर पडतात. मागच्या दोन मागच्या खांबातून उतरून मागच्या चाकाच्या किंवा बंपरच्या आसपास निघतात. नळीची आतली जाडी करंगळीपेक्षाही कमी. खालच्या टोकाला बऱ्याचदा चीर दिलेली रबरी टोपी असते. पाणी बाहेर जावं, पण धूळ, किडे आणि वारा आत येऊ नये म्हणून ती बसवतात.

ही व्यवस्था चालू असते तोवर आपल्याला ती आहे हेसुद्धा कळत नाही. नळी तुंबली की ट्रे भरतो, पाणी काठावरून सांडतं आणि छताच्या लायनिंगवर पसरतं. तिथून दिव्यातून, हँडलच्या स्क्रूपाशी, खांबाच्या प्लॅस्टिकमागून, जिथे वाट मिळेल तिथून खाली येतं. आता वरून सिलिकॉन मारून काय होणार? सरकणारी काच आहे. एकदा उघडली की ते सिलिकॉन फाटतं. नाही उघडली तरी कुठून ना कुठून पाणी ट्रेमध्ये उतरतंच आणि तुंबलेली नळी तुंबलेलीच राहते. मामांच्या भाषेत, "काच बंद असली तरी पानी येनारच की. येऊ दे. खाली जातंय का न्हाई तेवढं बघायचं."

2023 च्या सुरुवातीला एका नव्या एसयूव्हीत धबधब्याखाली छतातून पाणी आल्याचा व्हिडिओ देशभर फिरला होता. कंपनीनं मग स्वतःचा व्हिडिओ काढून तसलीच गाडी धबधब्याखाली कोरडी राहते असं दाखवलं. तेव्हा लोक 'सनरूफ घ्यावं की नाही' यावर भांडत बसले. नळ्यांबद्दल बोलणारं मला तेव्हा कोणी भेटलं नाही, आणि गाडी घेताना शोरूममध्येही कोणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

तर बाटलीची चाचणी. सनरूफ उघडलं, पोरानं पुढच्या डाव्या कोपऱ्यातल्या भोकापाशी अर्धा ग्लास पाणी हळूहळू सोडलं. मामा डाव्या चाकापाशी उकिडवे बसले. काही सेकंदांत खाली धार लागली, थोडी बारीक, पण लागली. मग उजवीकडे. वर पाणी तुंबून राहिलं, भोवरा नाही, बुडबुडा नाही. खाली जमीन कोरडी. मला हाक मारून त्यांनी ते दाखवलं. माझ्या दृष्टीनं या गॅरेजची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच. गाडीच्या मालकाला समोर उभं करून बिघाड दाखवतात आणि काम झाल्यावर तीच चाचणी पुन्हा करून दाखवतात. कोणत्याही गॅरेजमध्ये सनरूफ गळतं म्हणून गेलात तर पहिल्यांदा हे विचारा: ट्रेमध्ये पाणी सोडून ते कुठून बाहेर येतं हे बघणार का? समोरचा गोंधळला तर तिथून निघा.

मग साफसफाई. इथे मला वाटलं होतं कंप्रेसरची हवा मारतील. कंप्रेसर त्यांच्याकडे आहे, पण त्यांनी तो या कामाला वापरला नाही. नळी वरच्या ट्रेला नुसती दाबून बसवलेली असते. खाली बूच आणि वरून जोरात हवा असं झालं की नळी त्या जोडावरून निसटते. मग छताचं सगळं लायनिंग उतरवल्याशिवाय ती परत बसत नाही, आणि तोपर्यंत ट्रेमधलं सगळं पाणी थेट छतात. लोखंडी तार घालणं त्याहून वाईट, ती वळणावर नळीला भोक पाडते. असं बिघडवलेलं काम घेऊन येणाऱ्या गाड्याच जास्त येतात, असं मामा म्हणाले.

त्यांनी आधी उजव्या चाकाच्या वरचं प्लॅस्टिकचं कव्हर थोडं सैल केलं, हात आत घालून नळीचं खालचं टोक शोधलं आणि ती रबरी टोपी काढली. टोपीची चीर चिखलानं लिंपून गेली होती. मग वरच्या भोकातून ग्रासकटरची नायलॉनची दोरी घातली. ऊसपट्ट्यात बांधावरचं गवत काढायला जे ब्रश कटर वापरतात, त्याच्या डोक्यात असते ती. गोल, साधारण अडीच मिलिमीटरची, टोक लायटरनं वितळवून गुळगुळीत मणी केलेली. कडा असलेली चौकोनी किंवा चांदणीच्या आकाराचीही दोरी मिळते, ती घ्यायची नाही, तिनं रबर कापतं. दोरी गुंडाळीतून काढल्यावर वेटोळी राहते, म्हणून आधी गरम पाण्यात बुडवून सरळ करतात. बोटांनी फिरवत फिरवत, अडली की थोडी मागे घेऊन पुन्हा, असं करत ती खालून बाहेर आली. जोर कुठेच नाही. मला आमच्याकडे आखडलेला सांधा मोकळा करतात ते आठवलं.

त्यानंतर खालच्या टोकाला ओल्या-सुक्या व्हॅक्यूमची नळी धरून त्यांनी सगळं ओढून घेतलं. वरून ढकललं तर बूच आणखी घट्ट बसू शकतं, खालून ओढलं तर ते बाहेर येतं आणि जोडावर ताण येत नाही. बाहेर जे आलं ते एका कागदावर पसरून ठेवलं होतं. गुलमोहराची ती बारीक पानं, कडुनिंबाची वाळकी फुलं आणि या सगळ्याला बांधून ठेवणारा काळा, चिकट गाळ. हा गाळ कशाचा ते मामांनी ओळखलं: काजळी. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की धुराड्यांतून बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, राख उडते, शिवाय ऊस तोडल्यावर शेतात पाचट पेटवतात. थंडीत सकाळी गाडीवर काळे तुकडे पडलेले असतात, आपण फडक्यानं पुसतो. छतावरचं पुसलं जातं, ट्रेमधलं तसंच राहतं. दंव पडलं की त्याची पेस्ट होते. एप्रिल-मेमध्ये त्यावर पानं-फुलं पडतात आणि मृगाच्या पहिल्या सरीला नळी बंद. नागाळा पार्क, ताराबाई पार्क या भागांत मोठ्या झाडांखाली गाडी लावणाऱ्यांनी हे फार मनावर घ्यावं. गुलमोहराचं एक पान म्हणजे कित्येक चिमुकली पानं, आणि त्यातलं प्रत्येक पान त्या भोकातून आरामात आत जाईल एवढंच असतं.

मागच्या दोन नळ्याही मी सांगितल्याशिवाय तपासल्या. एक चांगली होती, एक मंद वाहत होती, तीही साफ केली. स्टेपनी काढून तिच्या खालच्या खळग्यात हात फिरवला. मागची नळी तुंबली की पाणी तिथे साठतं आणि पुढे बसणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तिथे कोरडं निघालं. मग सिलिकॉन. आधीच्या वर्कशॉपनं मारलेलं ते सगळं प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडून काढलं. रबराला कुठेही ओरखडा नको म्हणून हे काम मामांनी पोराला दिलं नाही, स्वतः केलं. जवळजवळ तासभर लागला. शेवटी रबर ओल्या फडक्यानं पुसून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल रबराला लावू देत नाहीत, त्यानं रबर फुगतं.

आता कार्पेट. माझ्या मते या गॅरेजचं खरं कसब इथे दिसतं, आणि ते कुठून आलं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 चे महापूर. पंचगंगा नदीनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली आणि किती घरांच्या दारातल्या गाड्या पाण्यात गेल्या. त्या दोन महापुरांत मामांनी अशा गाड्या आतून पूर्ण मोकळ्या करून वाळवल्या. महापुराच्या गाळापुढे सनरूफचं पाणी म्हणजे स्वच्छ पाणी, वेळेत काढलं तर फोम वाचतो, असं त्यांचं म्हणणं.

कार्पेटखाली जाड फोम असतो. वरचं कार्पेट दोन दिवसांत वाळतं, फोम आठवडे पाणी धरून ठेवतो. वास, बुरशी, तळाच्या पत्र्याला गंज, सगळं तिथून सुरू होतं. शिवाय बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या पायाजवळ, डॅशबोर्डखाली फ्यूज बॉक्स आणि वायरिंगचे मोठे जोड असतात. माझ्या गाडीचं सेंट्रल लॉक मधूनच आपोआप उघडत होतं, त्याचं कारण तिथल्या एका कनेक्टरवर चढलेला हिरवा थर. पुढच्या सीट काढाव्या लागल्या. सीटखाली पिवळे कनेक्टर असतात ते एअरबॅगचे, म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही वेळ थांबले, मगच त्यांना हात लावला. हे बघून मला फार हायसं वाटलं, कारण घाईत ते तसेच ओढणारे लोक मी पाहिलेत. कार्पेट उचलून खाली विटांचे तुकडे लावले, व्हॅक्यूमनं पाणी ओढलं, दोन टेबल फॅन रात्रभर. पाऊस असल्यानं ऊन नाही, त्यामुळे गाडी दोन रात्री तिथेच ठेवावी लागली. मधून मधून एसी आणि हीटर एकत्र चालवून काचा बोटभर खाली, म्हणजे दमट हवा बाहेर जाते.

बिल असं: चारही नळ्या साफ करणं 800 रुपये, सिलिकॉन काढणं 500, सीट-कार्पेट काढून वाळवणं आणि कनेक्टर साफ करणं 3,000. एकूण 4,300. पाऊण लाखाच्या असेंब्लीची गरज नव्हती. छतावरचा डाग मात्र गेला नाही. मामांनी तो फेसानं पुसून पाहिला, फिका झाला. जास्त घासलं तर लायनिंगचं कापड फोमपासून सुटतं, म्हणून तिथेच थांबवलं. हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तक्रार नाही.

तक्रारी दुसऱ्या आहेत. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या पानावर आकडे लिहून देतात. ज्यांना कंपनीकडून किंवा ऑफिसमधून गाडीचा खर्च परत मिळवायचा असतो त्यांची यानं पंचाईत होते. बसायला जागा नाही. एक लोखंडी बाक आहे, त्यावर बहुधा कुणाचा तरी सायलेन्सर ठेवलेला असतो. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही, हे मला फार खटकलं आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. फोन उचलत नाहीत. जूनचा शेवट आणि जुलैत रांग असते. काम मात्र एका वेळी एकच गाडी हातात घेऊन करतात, त्यामुळे 'संध्याकाळी देतो' म्हणाले तर ती दुसऱ्या दिवशीची दुपार धरा. पेशंटच्या वेळा पाळणाऱ्या माझ्यासारखीला हे जड गेलं. भावाची दुचाकी घेऊन पावसात कळ्याला जाऊन आले.

गाडी वॉरंटीत असेल तर मात्र आधी इथे येऊ नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, तक्रार जॉब कार्डवर 'सनरूफमधून पाणी येतं, ड्रेनच्या नळ्या तपासा' अशा शब्दांत लिहून घ्या आणि त्याची प्रत ठेवा. बाहेर छताचं लायनिंग उतरवलं की पुढे वॉरंटीत वाद घालायला त्यांना निमित्त मिळतं. मामा स्वतः हेच सांगतात. माझ्यासमोर त्यांनी एका नव्या गाडीवाल्याला परत पाठवलं: "भावा, वारंटीत हाय नव्हं? मग शोरूमला ने. लिहून घे म्हणावं."

आणि पाणी सनरूफचंच आहे का हेही आधी बघायला हवं. छत ओलं असेल तर संशय वरच्या ट्रेवर. छत कोरडं आणि पायाखाली मात्र ओलं असेल तर तीन-चार कारणं असू शकतात. एसीच्या कूलिंग कॉइलचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली की बहुतेक वेळा डाव्या सीटच्या पायाशी पाणी येतं, तेही एसी चालवल्यावर, पाऊस असो वा नसो. पुढच्या काचेच्या खाली, वायपरजवळच्या जाळीत पानं साठली तर तिथलं पाणीही आत उतरतं. दाराच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पडद्याचा चिकटपणा गेला की दारातून येतं. शिवाय सनरूफची पुढची नळी खालच्या बाजूला जोडावरून निसटली असेल तर छत कोरडं ठकठकीत राहून फक्त कार्पेट भिजतं. मामांचे ते सुरुवातीचे प्रश्न यासाठीच होते.

घरी करता येण्यासारखं काम किती, हे मी नंतर स्वतः करून पाहिलं. दोन वस्तू घेतल्या. एक, ऑनलाइन मिळतो तो सनरूफ ड्रेनचा लांब ब्रश, लवचीक तारेच्या टोकाला केस असलेला, सव्वादोनशे रुपयांचा. भोकाचं तोंड आणि ट्रेचे कोपरे साफ करायला तो छान आहे. नळीत मात्र पहिल्या वळणापुढे जात नाही आणि केस जाड असल्यानं गाळ पुढे ढकलतो. नळीसाठी मी तो वापरणार नाही. दुसरी, तीच ग्रासकटरची गोल दोरी, शेतीच्या अवजारांच्या दुकानात मीटरवर मिळाली, शंभर रुपयांत गरजेपेक्षा जास्त. ही उत्तम. पण आधी खालची रबरी टोपी कुठे आहे ते माहीत असायला हवं, नाहीतर दोरी तिथे येऊन अडते आणि आपण उगाच जोर लावत बसतो. टोपीपर्यंत हात पोहोचत नसेल तर घरी दोरी घालूच नका, नुसता ट्रे पुसून बाटलीची चाचणी करा. मऊ ओलं फडकं बोटाला गुंडाळून ट्रेची चारही अंगं पुसायची, मग प्रत्येक कोपऱ्यात थोडं थोडं पाणी. धार बारीक झालेली दिसली तर गॅरेज गाठायचं. मी हे मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी करते, आणि दुसऱ्यांदा कारखान्यांचा हंगाम संपल्यावर. पाऊस संपेपर्यंत वाट बघणारे लोक कार्पेटच्या कामाचे तीन हजार जास्तीचे देतात.

पॅनोरॅमिक सनरूफ असलेल्यांसाठी: ट्रे मोठा, काच मोठी, त्यामुळे नळीत जाणारा कचराही जास्त. अशा गाड्यांसाठी मामा 1,200 रुपये घेतात. सरकपट्टीत जुनं ग्रीस आणि धूळ मिळून जो लगदा होतो तोही काढतात. ते करताना काच अर्धवट उघडी ठेवावी लागते, म्हणून पाऊस चालू असेल तर ते गाडी आत घेतात. आत एकाच गाडीची जागा आहे, त्यामुळे अशा दिवशी तुमची पाळी पुढे जाईल.

गॅरेज सोमवारी बंद असतं. सकाळी साडेनऊच्या आत गेलात तर मामा स्वतः भेटतात. उशिरा गेलात तर गाडी पोराकडे द्यावी लागते. पोरगं कामाला चांगलं आहे, पण प्रश्न मामांनीच विचारलेले बरे. जाताना आदल्या पावसात गाडी कुठल्या दिशेला तोंड करून उभी होती आणि पाणी नेमकं कुठे आलं ते लक्षात ठेवून जा. ओल्या डागाचा फोटो असेल तर आणखी उत्तम. डिकी आणि सीटखालचं सामान आधीच घरी काढून ठेवा, कारण तिथे ठेवायला कोरडी जागा नाही.